द्राक्षाच्या बियांचं तेल: खरंच गुणकारी की नुसतीच देखणी बाटली?

सावरकरनगर
वाइनरी बघायला आलेले पाहुणे हल्ली परत जाताना द्राक्षाच्या बियांच्या तेलाची बाटली घेऊन जातात. अडीचशे मिली, गडद हिरवी काच, आणि लेबलवर हृदयाला उत्तम, कोलेस्टेरॉल-मुक्त, अँटिऑक्सिडंटने भरपूर, साखर आटोक्यात, त्वचा तुकतुकीत, केस दाट. एवढं सगळं एका बाटलीत मावत असेल तर दवाखान्यांना टाळंच लावायला हवं.

माझे प्रश्न असे. यातलं खरं किती? रोजच्या फोडणीला वापरावं की कच्चं वरून घ्यावं? रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी घेतलं तर चालतं का? आणि नाशिक जिल्हाभर द्राक्षाच्या बागा असताना निम्म्या बाटल्यांवर इटली नाहीतर स्पेन का लिहिलेलं असतं?

फॉरवर्ड डकवू नका, ती सगळी वाचून झाली आहेत. तेलातलं ज्यांना कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

टवाळखोर
पहिला!
मिसळीच्या तर्रीत ओतून बघा. तर्री हृदयाला चांगली ठरली तर नाशिककर शंभरीच्या आत हलत नाही.

निफाडकर
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. आपली बहुतेक द्राक्षं बिनबियांची. थॉमसन, सोनाका, शरद, सगळे सीडलेस वाण. पिंपळगावहून कंटेनर भरून माल जातो त्यात तेल काढायला बीच नाही. बी असते वाइनच्या वाणांत: शिराझ, कॅबर्ने सोविन्याँ, शेनिन ब्लाँ, सोविन्याँ ब्लाँ. म्हणजे कच्चा माल फक्त वाइनरीचा चोथा, तोही जानेवारी ते मार्च-एप्रिल एवढाच.

आता हिशोब बघा. ५०० किलो वाइनची द्राक्षं दाबली की साधारण १०० किलो ओला चोथा निघतो. त्यात पाणीच ६०-७० टक्के. वाळवून ३५-३८ किलो उरतो, त्यातली बी पंधरा किलोच्या आसपास, बाकी साल. बियांत तेल १२-१४ टक्के धरा, म्हणजे दोन किलोही नाही. स्क्रू प्रेसने थंड पद्धतीने काढलं तर त्यातलं साठेक टक्के हाताला लागतं, उरलेलं पेंडीत अडकतं. हाती येतं सव्वा लिटर. त्याच ५०० किलोतून वाइन निघते साडेतीनशे लिटरच्या आसपास. आता सांगा, वाइनरीवाला कशाच्या मागे लागेल?

कॉलेजरोडची_कडी
सव्वा लिटर?? आणि मी समजत होते पिंप भरून निघत असेल.

निफाडकर
@कडी, तेही चोथा वेळेत वाळवला तर. खरी मेख वाळवणातच आहे. प्रेसमधून निघालेला चोथा ढीग करून ठेवला की चोवीस तासांत आतून तापतो, दोन दिवसांत बुरशी धरतो. बुरशीच्या बियांचं तेल आंबट निघतं, म्हणजे त्यातली मोकळी आम्लं वाढलेली असतात, आणि बुरशीच्या विषाचा धोका वेगळाच. लाल वाइनचा चोथा आंबवणीतून आलेला असतो, बी मऊ पडलेली असते. पांढऱ्याचा आंबवण्याआधीच दाबलेला, त्यात साखर राहिलेली, म्हणून तो आणखी लवकर खराब होतो.

करायचं एवढंच: त्याच दिवशी ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून चार-पाच वेळा उलथणं, रात्री झाकणं. फेब्रुवारीचं कोरडं ऊन असेल तर तीन-चार दिवसांत साल चुरचुरीत होते. मग बडवून चाळायचं. साल भुगा होऊन खाली पडते, बी वर राहते. देठ आधीच यंत्रात वेगळे झालेले असतात, राहिलेच तर हाताने. बियांतला ओलावा ७-८ टक्क्यांवर आला की प्रेसला लावायची. ओलावा जास्त असेल तर यंत्रातून पेंडीऐवजी लगदा येतो. फार कमी असेल तर स्क्रू अडकतो, यंत्राचं डोकं तापतं आणि तेलाला जळका वास लागतो.

लाकडी_घाणा
काका, बरोबर. यात भर घालतो, कारण हल्ली "लाकडी घाण्याचं द्राक्षबी तेल" अशीही पाटी दिसते. लाकडी घाण्यावर द्राक्षाची बी निघत नाही. एकतर ती लाकडासारखी टणक, आणि तेल इतकं कमी की खलात नुसती पूड फिरत राहते. घाणा तीळ, शेंगदाणा, खोबरं, खुरासणी, करडईसाठी, जिथे बीमध्ये तिसरा हिस्सा तरी तेल आहे. तिथे दाबाखाली बी एकमेकांना चिकटते, पाण्याचा हबका मारला की पेंड धरते आणि तेल सुटं होतं. द्राक्षाच्या बीची पेंडच धरत नाही. अशी पाटी दिसली तर आत काय आहे ते विचारायचं.

रसायनशाळा
धाग्याच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. बाटलीवरचा सगळ्यात मोठा दावा अँटिऑक्सिडंटचा आणि नेमका तोच लंगडा आहे.

द्राक्षाच्या बियांत पॉलिफेनॉल, म्हणजे लेबलवरचे ते अँटिऑक्सिडंट, भरपूर असतात, यात वाद नाही. जीभ आवळून धरणारी तुरट चव त्यांचीच. पण ते पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारे आहेत, तेलात नाहीत. बी दाबली की तेल बाहेर येतं आणि पॉलिफेनॉल जवळजवळ सगळे पेंडीत राहतात. बियांच्या अर्काच्या कॅप्सूलवर झालेलं संशोधन तेलाच्या बाटलीवर चिकटवणं ही बाजारातली सर्रास हातचलाखी आहे. अर्क आणि तेल या दोन वेगळ्या वस्तू.

तेलात काय आहे? लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, सत्तर टक्क्यांच्या आसपास. ओलेइक १५-२०. संपृक्त चरबी दहाच्या आसपास. ओमेगा-३ जवळजवळ शून्य. ई जीवनसत्त्व १०० ग्रॅमला २९ मिलिग्रॅम. छान वाटतं, पण साध्या सूर्यफूल तेलात ४१ असतं. कोलेस्टेरॉल शोषू न देणारे वनस्पती स्टेरॉल १८० मिलिग्रॅम, राइस ब्रॅनमध्ये (भाताच्या कोंड्याच्या तेलात) अकराशेच्या वर. आणि "कोलेस्टेरॉल-मुक्त" हे तर कुठल्याही वनस्पती तेलावर लिहिता येतं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असतं.

थोडक्यात, जुन्या वाणाच्या करडईच्या तेलाची ही जुळी बहीण. करडईत लिनोलेइक ७५ टक्क्यांपर्यंत. सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातंय, फक्त त्याला कुणी हिरवी बाटली दिली नाही.

टवाळखोर
म्हणजे चांगलं ते सगळं पेंडीत आणि उरलेलं बाटलीत. गुरांची तब्येत झकास!

मेधा_आहारशास्त्र
@रसायनशाळा, माहिती नेमकी आहे, पण "लंगडा" म्हणून सोडून देऊ नये. फायदा आहे, फक्त तो द्राक्षाचा नाही, लिनोलेइकचा आहे.

संपृक्त चरबी काढून तिच्या जागी असं तेल वापरलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी होतं. हे अनेक चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये जुन्या चाचण्या एकत्र करून मत दिलं की अशा अदलाबदलीने हृदयविकाराचं प्रमाण तीसेक टक्क्यांनी उतरतं. यातला "जागी" हा शब्द लोक विसरतात. डालडा, पामोलिन, रोजच्या तुपाचा मोठा भाग काढून त्याऐवजी वापरलं तर उपयोग. आहे ते सगळं तसंच ठेवून वर दोन मोठे चमचे द्राक्षतेल प्यायलं तर दिवसाला अडीचशे कॅलरी वाढल्या, बाकी काही नाही. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी, तेल कुठलंही असो.

नुसत्या द्राक्षबी तेलावर माणसांवर झालेलं काम फार थोडं आहे. इराणमध्ये जास्त वजनाच्या महिलांवर दोन महिन्यांची एक चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सूर्यफुलाच्या तुलनेत इन्सुलिनचा प्रतिरोध आणि सूज दाखवणारं सीआरपी थोडं उतरलं. पण मोजक्या बायका, कमी मुदत, सोबत वजन कमी करण्याचा आहार. त्यावरून "साखर आटोक्यात" असं छापणं म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं झालं.

शंकासुर
मेधाताई, इथे थोडं थांबा. बियांची तेलं म्हणजे विष, ओमेगा-६ ने शरीरात सूज वाढते, असं सांगणारे डॉक्टर रोज व्हिडिओत दिसतात. आणि ते हवेत बोलत नाहीत. मिनेसोटातली चाचणी बघा, १९६८ ते १९७३, नऊ हजारांवर माणसं. मक्याचं तेल दिलं, कोलेस्टेरॉल जवळपास १४ टक्क्यांनी उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त उतरलं त्यांच्यात मृत्यू जास्त. सिडनीची चाचणी तर करडईच्याच तेलाची. हृदयविकार होऊन गेलेल्या पुरुषांना दिलं आणि त्यांच्यात मृत्यू वाढले. दोन्हींची जुनी आकडेवारी पुन्हा तपासून बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली, सिडनीची २०१३ ला, मिनेसोटाची २०१६ ला. आता बोला.

मेधा_आहारशास्त्र
बोलते. दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत, आकडेही खरे. पण त्या कशा झाल्या तेही बघा.

सिडनीत तेलाबरोबर करडईचं मार्गारीन, म्हणजे लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल, होतं. त्या काळच्या मार्गारीनमध्ये हृदयाला घातक ट्रान्स फॅट असण्याची दाट शक्यता, हा त्यावरचा मुख्य आक्षेप. मिनेसोटात बहुतेक माणसं मनोरुग्णालयांतली. कुणी भरती, कुणाला सुट्टी, त्यामुळे एक वर्षाहून जास्त काळ तो आहार घेतलेले चौथा हिस्साच. रक्तवाहिन्यांतला बदल इतक्या कमी काळात दिसत नाही. आणि त्यात लिनोलेइक एकूण ऊर्जेच्या १३ टक्क्यांवर नेलं होतं, म्हणजे भरमसाट.

सुजेचं म्हणाल तर लिनोलेइक वाढवल्यावर सीआरपीसारखी मापं वाढतात का, हे माणसांवर तपासलं गेलंय. निरोगी माणसांत ती वाढलेली दिसत नाहीत. लिनोलेइकपासून ॲराकिडोनिक आम्ल बनतं, त्यातून सूज आणणारे पदार्थ बनतात, ही साखळी कागदावर बरोबर आहे. शरीर मात्र ती घट्ट आवळून ठेवतं.

तरीही तुमची एक गोष्ट मी मान्य करते: नुसतं ओमेगा-६ वाढवत नेणं आणि ओमेगा-३ कडे ढुंकूनही न बघणं हे बरं नाही. द्राक्षतेलात ओमेगा-३ नाही, करडईत नाही, सूर्यफुलात नाही. मासे न खाणाऱ्या घरात ही बाजू जवळजवळ कोरी राहते.

शंकासुर
मार्गारीनचा मुद्दा पटला. मिनेसोटाचा अर्धा पटला. उरलेला अर्धा राखून ठेवतो.

सुरगाणा_घाट
एवढी चर्चा झाली आणि नाशिक जिल्ह्याच्या स्वतःच्या तेलबीचं नाव एकाच प्रतिसादात, तेही ओझरतं. खुरासणी! पठारावर कारळे म्हणतात तेच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या वरकस जमिनीत नागली-वरईच्या जोडीने होते. पाऊस धरल्यावर पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात डोंगरउतार पिवळाधमक, दिवाळीनंतर काढणी. हिला स्वतःचा पराग चालत नाही, मधमाशी लागतेच. मधपेट्या ठेवल्या की दाणा भरतो. फुलोऱ्यात औषध मारलं तर माशी जाते आणि बोंडं पोचट राहतात.

बियांत तेल ३५ ते ४० टक्के. दहा किलो बीमागे घाण्यावर तीन किलोच्या आसपास तेल. फिकट पिवळं, वास थोडा दाण्यासारखा. लिनोलेइक आपल्याकडच्या वाणांत ५० ते ६० टक्के आणि त्याहून थोडं वरही, इथिओपियाच्या वाणांत पाऊणशेपर्यंत. म्हणजे मेधाताई जो फायदा सांगतायत तो पेठच्या आठवडे बाजारात पिशवीत मिळतो.

लाकडी_घाणा
खुरासणीला +१. पण खुरासणीचा एक दोष सांगायलाच हवा, लवकर खवट होते. बी वर्षभर टिकते, तेल टिकत नाही. घाण्यातून निघालं की दोन-तीन दिवस निवळू द्यायचं, वरचं नितळ तेल सुती कापडातून गाळायचं, तळाचा गाळ बाटलीत जाऊ द्यायचा नाही. गाळात पाणी आणि पेंडीचे कण असतात, तिथूनच वास धरतो. बाटली कोरडी ठणठणीत, आणि गळ्यापर्यंत भरलेली. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवा.

तांब्या-पितळेच्या भांड्यात कुठलंच तेल साठवू नका. तांबं तेलाला फार लवकर खवट करतं. स्टील किंवा काच.

सावरकरनगर
धागाकर्ता हजर. माहिती भरपूर मिळाली, आभार. फोडणीचा प्रश्न मात्र अजून तसाच लोंबकळतोय. नेटवर द्राक्षतेलाचा स्मोक पॉइंट मोठा आहे, म्हणून तळायला उत्तम, असं लिहिलेलं असतं.

रसायनशाळा
स्मोक पॉइंट म्हणजे धूर कधी निघतो एवढंच. तेल खराब कधी होतं ते त्यावरून कळत नाही. रिफाइंड द्राक्षतेल २१५ अंशांच्या आसपास धुरावतं, म्हणजे फोडणीला पुरेसं. थंड दाबाचं त्याच्या बरंच आधी, कारण त्यात मोकळी आम्लं राहिलेली असतात.

पण तापवल्यावर तेल किती टिकतं हे आम्लांच्या घडणीवर ठरतं. ओलेइकचा ऑक्सिडेशनचा वेग एक धरला तर लिनोलेइकचा दहाएक पट आणि जवसातल्या लिनोलेनिकचा वीसेक पट. सत्तर टक्के लिनोलेइकचं तेल कढईत तासभर उकळत ठेवलं तर धूर न येताही त्यात अल्डिहाइडसारखे घातक पदार्थ जमा होत जातात. शेंगदाणा तेलात ओलेइक निम्म्याच्या आसपास, म्हणून ते तळणाला जास्त टिकतं. तिळात लिनोलेइक बऱ्यापैकी असूनही सेसॅमॉलसारख्या घटकांमुळे ते दमदार.

म्हणून फोडणीला रिफाइंड द्राक्षतेल चालेल. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, भाजी टाकली, मिनिटभराचं काम. तळणाला नको. थंड दाबाचं मात्र कच्चंच: कोशिंबिरीवर, चटणीवर, भाकरीवर. त्याला पैसे जास्त मोजायचे आणि कढईत जाळायचं, यात शहाणपण नाही.

चिवडा_कमी_तिखट
तळणाचा विषय निघालाच आहे तर. घरी पोहे तळून चिवडा करणाऱ्यांसाठी: पोहे पाणी धरून असतात आणि ते पाणीच तेल बिघडवतं. आधी उन्हात किंवा मंद आचेवर कडकडीत करून घ्या. तळताना भुगा सारखा झाऱ्याने काढत राहा, जळका भुगा तेल काळं करतो. तेल १८० अंशांच्या पुढे नेऊ नका. थर्मामीटर नसेल तर एक पोहा टाका: लगेच फुलून वर आला आणि पांढरा राहिला तर तेल बरोबर, तांबूस झाला तर आच कमी करा.

एकदा तळलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवायचं. नव्या तेलात जुनं मिसळायचं नाही, जुनं नव्यालाही नासवतं. हॉटेल-फरसाणवाल्यांना एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा आहे, तळणाच्या तेलात एकूण पोलर घटक (तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल फेकायचं. हा नियम १ जुलै २०१८ पासून. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण फेस बसेनासा झाला, तेल मधासारखं ओघळायला लागलं की निकाल लागला म्हणायचा.

टवाळखोर
तर्री राहिली बाजूला, गाडी चिवड्यावर आली. आता फक्त चहा राहिला.

कॉलेजरोडची_कडी
त्वचा आणि केसांबद्दल कुणीच बोलत नाहीये! मुळात ते तेल विकलं जातं त्यासाठीच.

रसायनशाळा
@कडी, त्वचेला ते बऱ्यापैकी. पातळ आहे, चिकट राहत नाही, लवकर मुरतं. लिनोलेइक त्वचेच्या वरच्या थराच्या बांधणीला लागतंच. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चार-पाच थेंब, एवढं पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. केस दाट होतात याला मात्र आधार नाही. तेलाने केस गुंतत नाहीत, तुटतात कमी, म्हणून भरल्यासारखे वाटतात.

मालिशीला वापरलं तर चादरी-टॉवेल लगेच गरम पाण्यात धुवा, नाहीतर कापडात तेल खवट होऊन जाता न जाणारा वास बसतो. आणि जवसाच्या तेलाने लाकूड पुसणाऱ्यांसाठी वेगळी ताकीद: तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

शंकासुर
बोळा आपोआप पेटतो हे मला नवीन. धाग्याचा पैसा वसूल.

गोदाकाठ
रक्त पातळ होण्याच्या गोळीचा प्रश्न राहिला.

वॉरफरिनसारखी गोळी असेल तर प्रश्न रक्त गोठायला मदत करणाऱ्या के जीवनसत्त्वाचा. सोयाबीन तेलात ते बरंच असतं, द्राक्षतेलात कमी. स्वयंपाकात चमचाभर वापरल्याने सहसा गडबड होत नाही. पण आहार अचानक बदलायचा नाही. तेल बदललं असेल तर पुढच्या आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या) तपासणीला डॉक्टरांना सांगा, गोळीचं प्रमाण ते ठरवतील. बियांच्या अर्काच्या कॅप्सूल आणि जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. रक्त गोठण्यावर त्यांचा परिणाम होण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर आवर्जून सांगा.

मेधा_आहारशास्त्र
गोदाकाठ यांच्याशी सहमत. आता ओमेगा-३ ची जी बाजू कोरी म्हटली ती भरायची कशी, तर जवसाने. तेलात अल्फा-लिनोलेनिक ५०-६० टक्के. पण मी बाटलीपेक्षा बी सुचवेन. तेल काढलं की लिग्नन (बीतले अँटिऑक्सिडंट) आणि तंतू दोन्ही मागे राहतात, आणि उघडलेली बाटली फ्रिजमध्येही जेमतेम महिना-दीड महिना.

जवस अख्खं गिळलं तर जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून दळायचंच. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, आठवड्यापुरतंच दळा आणि झाकण घट्ट लावून ठेवा. एक मोठा चमचा पूड, म्हणजे सातेक ग्रॅम, यात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३, रोजच्या गरजेइतकं. लसूण-तिखट-मीठ घालून चटणी झाली की घरातली मुलंही कुरकुरत नाहीत. सोबत पाणी भरपूर, नाहीतर पोट जड होतं. एक ध्यानात ठेवा, शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या ईपीए-डीएचएमध्ये बदलतं, त्यामुळे "माशाला पर्याय" हे पूर्ण खरं नाही.

प्रमाणाचंही सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. माणशी महिन्याला पाऊण-एक लिटर झालं. चौघांच्या घरात महिन्याला पाच-सहा लिटर संपत असेल तर कुठलं तेल घ्यावं हा वाद नंतरचा.

निफाडकर
मेधाताई, पाच लिटरचा डबा म्हणजे महिना, हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसलंय. पाव्हणे आले की सहा.

बाटली घेणारच असतील त्यांच्यासाठी सांगतो. थंड दाबाची असेल तर बी कशी वाळवली ते विचारा. परदेशात पूर्वी चोथा सरळ भट्टीच्या धुरावर वाळवायचे, तो धूर बियांत मुरून तेलात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य यायचं. युरोपने त्यासाठी तेलांना किलोमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. उन्हात किंवा सोलर ड्रायरमध्ये वाळवलेली बी चांगली. दुसरं, बागेत मारलेली काही औषधं चरबीत विरघळणारी असतात, ती तेलात उतरतात. अवशेष तपासणीचा अहवाल मागायला लाजू नका. निर्यातीच्या द्राक्षाला तो असतोच, मग तेलाला का नको?

पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवटायला लागलंय त्याचं माप) छापलेली असेल तर थंड दाबाच्या तेलाला १५ पर्यंत चालते, रिफाइंडला १०. छापलेली नसेल तर उत्पादनाची तारीख बघा. काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली ठेवलेली पुढची बाटली घेऊ नका, मागची घ्या. थंड दाबाच्या तेलात हरितद्रव्य असतं आणि उजेडात तेच तेलाचं वाटोळं करतं.

लाकडी_घाणा
घरी आणल्यावर: दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्या. ताज्याला जवळजवळ वास नसतो, थोडा हिरवट. रंगाच्या डब्यासारखा वास आला तर परत करा.

सावरकरनगर
पेंडीबद्दल एक विचारायचं राहिलं. पॉलिफेनॉल तिथेच असतील तर पेंड दळून खाता येते का?

रसायनशाळा
येते, जर बी खाण्याच्या दर्जाने वाळवलेली आणि पेंड बारीक दळून कापडाइतक्या बारीक चाळणीतून गेलेली असेल. नाहीतर दाताखाली वाळू. कणकेत पाच टक्के, म्हणजे किलोला ५० ग्रॅम, याच्या पुढे पोळी तुरट लागते आणि रंग चॉकलेटी होतो. गव्हापेक्षा नाचणीच्या भाकरीत बरी लपते. जेवणाबरोबर चहासारखंच यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, म्हणून हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांनी टाळावी. जनावरांसाठी विकलेली पेंड घरात आणू नका, तिची वाळवण आणि साठवण कशी झाली त्याचा पत्ता नसतो.

कॉलेजरोडची_कडी
शेवटचं. करडई, सूर्यफूल, द्राक्ष, यातलं कुठलंही वापरलं की कढईच्या कडेला पिवळा चिकट थर बसतो, घासून हात दुखतात. शेंगदाण्याला इतका नाही. हा काय प्रकार?

रसायनशाळा
लिनोलेइकचाच प्रकार. ही अर्धवट वाळणारी तेलं, पातळ थर गरम धातूवर हवेत तापला की रेणू एकमेकांत गुंफून रंगासारखा पापुद्रा होतो. साबणाने तो निघत नाही, कारण तो आता तेल राहिलेलाच नसतो. स्टीलच्या कढईत पाणी थरापर्यंत भरा, लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, पंधरा-वीस मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर हातमोजे घालून काथ्याने पुसा. ॲल्युमिनियमच्या कढईत हे करायचं नाही, सोडा धातूच खातो आणि कढई काळी पडते. लोखंडी तव्यावर तर तो थर राहू द्या, तोच तव्याला गंजू देत नाही.

टवाळखोर
बीडाच्या तव्याला दोन वर्षं साबण न लावल्याबद्दल जे बोलणं खाल्लंय, त्याला आज शास्त्रीय आधार मिळाला. प्रतिसादाची प्रिंट काढून ओट्यावर चिकटवतोय.